आधी पदवी, मग पदक
(नॅशव्हिलच्या 'टायगरबेल्स'ची हकीकत)

खेळ आणि अभ्यास म्हणजे एका म्यानात न राहणाऱ्या दोन तलवारी, अशी आपल्याकडे पुष्कळांची समजूत असते. मैदानावर दिसणारा विद्यार्थी वर्गात कमी दिसतो म्हणून प्राध्यापक कुरकुरतात, आणि परीक्षा जवळ आली की घरची मंडळी त्याचे बूट माळ्यावर टाकतात. विद्यार्थिनी असेल तर बूट विकत घेण्यापूर्वीच 'हे कशासाठी?' असा प्रश्न उभा राहतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे नुसत्या वादाने ठरणार नाही. त्यासाठी एखादे उदाहरणच तपासून पाहावे लागेल.

असे एक उदाहरण अमेरिकेच्या दक्षिण भागात, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरी सापडते. तेथील टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या महिला धावपटूंचा संघ 'टायगरबेल्स' या नावाने ओळखला जातो. वाघ हे त्या विद्यापीठाच्या संघांचे चिन्ह, आणि 'बेल' म्हणजे सुंदर तरुणी. या दोहोंच्या जोडीतून हे नाव तयार झाले. एडवर्ड टेंपल नावाच्या एकाच प्रशिक्षकाच्या कारकीर्दीत या संघातील ४० मुली ऑलिंपिकला गेल्या आणि त्यांनी २३ पदके मिळविली. त्यांपैकी १३ सुवर्ण, ६ रौप्य आणि ४ कांस्य होती. हे आकडे कोणालाही थक्क करतील. परंतु स्वतः टेंपल यांना या आकड्यांहून दुसऱ्याच एका आकड्याचा अभिमान होता. त्या ४० जणींपैकी ३९ जणींनी विद्यापीठाची पदवी मिळविली होती! हे कसे घडले, हेच या लेखात पाहावयाचे आहे.

दुर्लक्षातून मिळालेली संधी

हे विद्यापीठ १९१२ साली सुरू झाले ते केवळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी. त्या काळी टेनेसी राज्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकविण्यास कायद्यानेच बंदी होती. संस्थेच्या नावात 'कृषी व औद्योगिक' असे शब्द होते. 'टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी' हे आजचे नाव तिला १९६८ मध्ये मिळाले. सरकारी संस्था असली तरी गोऱ्यांच्या विद्यापीठांच्या मानाने तिच्या वाट्याला येणारा पैसा तुटपुंजा होता.

अशा गरीब संस्थेत मुलींचा धावण्याचा संघ निघावा आणि श्रीमंत विद्यापीठांत निघू नये, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. त्याचे कारण त्या काळच्या समजुतींत आहे. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये मुलींची ८०० मीटरची शर्यत प्रथमच ठेवण्यात आली. ती संपल्यावर काही धावपटू दमून मैदानावर बसल्या. वृत्तपत्रांनी या गोष्टीचे अतिरंजित वर्णन केले, आणि एवढे अंतर धावणे स्त्रियांच्या प्रकृतीला झेपत नाही असे ठरवून ती शर्यतच काढून टाकण्यात आली. ती परत आली थेट १९६० साली. अमेरिकेतील गोऱ्या समाजाच्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण देणाऱ्या स्त्रियांचेही बहुतांशी हेच मत होते. मुलींनी खेळावे, पण चढाओढ करू नये, असे त्यांचे सांगणे असे. धावणे तर मुळीच शोभणारे नाही, असे मानले जाई.

जे मैदान इतरांनी सोडून दिले, त्यावर कृष्णवर्णीयांची महाविद्यालये उतरली. अलाबामा राज्यातील टस्कीगी या संस्थेने प्रथम वाट पाडली. १९३७ पासून सुमारे दहा वर्षे राष्ट्रीय स्पर्धांत तिच्या मुलींचे वर्चस्व होते. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन १९४३ च्या सुमारास नॅशव्हिलला संघ सुरू झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या संघाची ऑड्री पॅटरसन २०० मीटरच्या शर्यतीत तिसरी आली. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री होय. पाया असा घातला गेला होता. त्यावर इमारत उभी करणारा माणूस मात्र अजून यावयाचा होता.

टपाल सांभाळणारे प्रशिक्षक

एडवर्ड टेंपल यांचा जन्म १९२७ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅरिसबर्गचा. स्वतः धावपटू म्हणून ते नॅशव्हिलला शिकावयास आले आणि तेथलेच होऊन गेले. १९५० साली त्यांच्याकडे मुलींच्या संघाचे काम आले तेव्हा वेतन होते महिना १५० डॉलर, आणि त्यात विद्यापीठाचे टपालघर चालविण्याचीही जबाबदारी होती. पुढे त्यांनी समाजशास्त्रात उच्च पदवी घेतली आणि त्याच विषयाचे अध्यापन केले. म्हणजे वर्गावर जाणारा प्राध्यापक आणि मैदानावरचा प्रशिक्षक ही एकच व्यक्ती होती. 'मैदानामुळे वर्ग बुडतो' ही तक्रार तेथे कोणी कोणाकडे करावी?

धावमार्ग मातीचा, ओबडधोबड आणि अपुरा होता. संघासाठी वेगळी बस नव्हती. टेंपल मुलींना आपल्या मोटारीत बसवून शेकडो मैल दूरच्या स्पर्धांना नेत. दक्षिणेतील त्या रस्त्यांवरची खाणावळ काळ्यांना जेवण देत नसे, आणि पेट्रोलपंपावरचे स्वच्छतागृहही त्यांना बंद असे. म्हणून निघतानाच जेवणाचे डबे बांधून घ्यावे लागत आणि वाटेत झाडीच्या आडोशाला मोटार थांबवावी लागे. टेंपल यांच्या पत्नी चार्ली बी. टेंपल यांचाही या संसारात मोठा वाटा होता. मुलींचे गणवेश धुण्यापासून त्यांची दुखणीखुपणी पाहण्यापर्यंत अनेक कामे त्या विनावेतन करीत.

खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती मिळण्याचे ते दिवस नव्हते. मुलींना शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी विद्यापीठातच रोज दोन तास काम करावे लागे. कोणी कचेरीत टंकलेखन करी, कोणी साफसफाई करी. सकाळी तास, मग काम, मग सराव आणि रात्री अभ्यास, असा त्यांचा दिनक्रम असे.

पद्धत काय होती?

टायगरबेल्सच्या यशाला 'चमत्कार' म्हणण्याचा मोह होतो. वस्तुतः त्यामागे एक साधी पण चिवटपणे राबविलेली पद्धत होती. तिची तीन अंगे सांगता येतील.

पहिले अंग म्हणजे उन्हाळी शिबिर. टेंपल आसपासच्या राज्यांतील शालेय स्पर्धांवर नजर ठेवीत आणि चौदा-पंधरा वर्षांच्या होतकरू मुलींना सुटीत नॅशव्हिलला बोलावून घेत. तेथे दिवसातून तीन वेळा सराव चाले. पहिला पहाटे पाचला, आणि शेवटचा दुपारच्या कडक उन्हात. जी टिके, तिला शाळा संपल्यावर विद्यापीठात प्रवेश मिळे. त्यामुळे ही मुलगी महाविद्यालयात येई ती नवखी म्हणून नव्हे. दोन-तीन वर्षांची तयारी तिच्या पाठीशी असे.

दुसरे अंग म्हणजे थोरलीने धाकटीला घडविणे. या परंपरेची जननी मे फॅग्ज ही न्यूयॉर्ककडची मुलगी. १९४८, १९५२ आणि १९५६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये धावणारी ती पहिली अमेरिकन महिला धावपटू. १९५६ च्या निवड चाचणीच्या वेळी सोळा वर्षांची विल्मा रुडॉल्फ बुजून गेली होती. मेने तिला आपल्या बरोबरीने धावत राहण्यास बजावले, आणि दोघींचीही निवड झाली. मेलबर्नला मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज, विल्मा रुडॉल्फ आणि इझाबेल डॅनियल्स या चौघी १०० मीटर रिलेमध्ये धावल्या आणि कांस्यपदक घेऊन आल्या. अमेरिकेच्या त्या संघातील चौघीही एकाच विद्यापीठाच्या होत्या! मे पुढे शिक्षिका झाली, आणि तिची जागा विल्माने घेतली. विल्मानंतर वायोमिया टायस आणि एडिथ मॅकग्वायर आल्या. ही साखळी तुटू द्यावयाची नाही, हे संघाचे जणू व्रतच होते.

तिसरे अंग शिस्तीचे. सरावाला जितकी मिनिटे उशीर, तितक्या फेऱ्या जास्तीच्या, असा नियम होता. विल्मा एकदा अर्धा तास झोपून राहिली, तेव्हा तिला तीस फेऱ्या माराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच येऊन बसली होती म्हणतात. मुलांच्या मोटारींतून हिंडण्यास मनाई होती आणि रात्री ठरल्या वेळी खोलीत परतावे लागे. वार्ताहरांसमोर जाताना केस विंचरून नीटनेटके होऊन जावे, असाही आग्रह होता. आज हे नियम वाचताना ते जाचक वाटतील, आणि तसे वाटणे गैर नाही. मुलांच्या संघावर कोणी असले निर्बंध घातले नसते. परंतु धावणारी मुलगी म्हणजे पुरुषी, आणि काळी मुलगी म्हणजे तर बोलायलाच नको, असे समजणाऱ्या समाजात बोट दाखवावयास जागा राहू नये, हा त्यामागील हिशेब होता. तो हिशेब मुलींनाच चुकता करावा लागला, हेही तितकेच खरे.

नियमापेक्षा मुलीचे भवितव्य मोठे आहे, हे मात्र टेंपल जाणत होते. शाळेत असतानाच, १९५८ साली, विल्मा एका मुलीची आई झाली. आई झालेल्या मुलीला संघात घ्यावयाचे नाही असा नियम होता. टेंपल यांनी तो बाजूला ठेवला. घरच्यांनी बाळाला सांभाळले आणि विल्मा विद्यापीठात दाखल झाली. नियमच शिरोधार्य मानला असता, तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

विल्मा रुडॉल्फ

विल्माचा जन्म २३ जून १९४० चा, नॅशव्हिलपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर असलेल्या क्लार्क्सव्हिलनजीकचा. वडिलांच्या दोन संसारांतील बावीस मुलांपैकी ती विसावी. आई लोकांच्या घरी कामे करी. मूल अपुऱ्या दिवसांचे. त्यात न्यूमोनिया, स्कार्लेट फीव्हर आणि शेवटी पोलिओ झाला. डाव्या पायाला आधारपट्टी आली. गावात काळ्यांवर उपचार होण्याची सोय नव्हती, म्हणून आई तिला आठवड्याला बसने नॅशव्हिलच्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयात नेई. बसमध्येही मागच्या बाजूलाच बसावे लागे. घरी भावंडे आळीपाळीने तिचा पाय चोळीत. नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत पट्टी गेली, आणि काही वर्षांतच ती शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळू लागली. एका सामन्याला पंच म्हणून आलेल्या टेंपल यांनी तिला तेथेच हेरले.

१९६० हे वर्ष आले. फेब्रुवारीत नॅशव्हिलच्या दुकानांतील गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत काळे विद्यार्थी शांतपणे जाऊन बसू लागले. या सत्याग्रहात टेनेसी स्टेटचे विद्यार्थीही होते. मारहाण आणि अटका सोसल्यानंतर मे महिन्यात ती उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. याच उन्हाळ्यात विल्माने २०० मीटर अंतर २२.९ सेकंदांत कापून विश्वविक्रम केला, आणि सप्टेंबरात रोमच्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर व रिले अशी तीन सुवर्णपदके मिळविली. ॲथलेटिक्समध्ये एकाच ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. मार्था हडसन, ल्युसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि विल्मा, हा रिलेचा संघही अवघा टायगरबेल्सचा होता. अंतिम शर्यतीत शेवटचे दंडबदल नीट जमले नाही आणि क्षणभर सारे हातचे गेले असे वाटले; पण विल्माने जर्मन धावपटूला गाठून मागे टाकले. याच रोममध्ये आपला मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथा आला, ही गोष्ट आपल्या वाचकांना सांगावयास नको. टेनेसी स्टेटचाच विद्यार्थी राल्फ बोस्टन यानेही तेथे लांब उडीचे सुवर्णपदक घेतले. त्यापूर्वी काही आठवडे आधी त्याने जेसी ओवेन्सचा १९३५ पासूनचा विक्रम मोडला होता.

गावी विल्माचे स्वागत करावयाचे ठरले तेव्हा अधिकाऱ्यांनी प्रथेप्रमाणे काळ्या-गोऱ्यांची वेगवेगळी व्यवस्था योजली. अशा समारंभाला आपण येणार नाही, असे विल्माने स्पष्ट सांगितले. अखेर ४ ऑक्टोबर १९६० रोजी क्लार्क्सव्हिलच्या इतिहासात प्रथमच दोन्ही वर्णांचे लोक एका मिरवणुकीत आणि एका पंक्तीला आले. पण यावरून सारे काही बदलले असे समजू नये. १९६३ साली त्याच गावातल्या एका उपाहारगृहात विल्मा आणि तिचे सोबती गेले असता त्यांना दार बंद झाले. गळ्यात तीन सुवर्णपदके पडलेल्या मुलीला स्वतःच्या गावी एक कप कॉफी मिळू नये! त्याच वर्षी ती प्राथमिक शिक्षणशास्त्राची पदवीधर झाली. धावणे तिने आदल्याच वर्षी सोडले होते. उपजीविकेला पदवी कामी आली. १९९४ मध्ये ती निवर्तली.

विल्मानंतर

जॉर्जिया राज्यातील ग्रिफिन गावची वायोमिया टायस शालेय स्पर्धेत टेंपल यांच्या नजरेस पडली. पंधराव्या वर्षी तिचे वडील वारले होते; मुलगी मिटून गेली होती, क्वचितच बोले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला १०० मीटरमध्ये सर्वांच्या आशा एडिथ मॅकग्वायरवर होत्या. जिंकली वायोमिया, एडिथ दुसरी आली. पुढे २०० मीटरचे सुवर्णपदक एडिथने घेतले. १९६८ मध्ये मेक्सिको शहरी वायोमियाने १०० मीटरचे सुवर्णपदक पुन्हा जिंकले, तेही ११.० सेकंदांच्या विश्वविक्रमासह. स्त्री असो वा पुरुष, हे पदक लागोपाठ दोनदा जिंकणारी ती जगातली पहिली व्यक्ती. त्याच स्पर्धेत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी वर्णभेदाविरुद्ध मूठ उंचावली आणि त्यांना घरी पाठविण्यात आले. सारे जग त्यांच्याविषयी बोलले. वायोमियाही निषेध म्हणून गडद रंगाची चड्डी घालून धावली आणि आपले रिलेचे पदक तिने त्या दोघांना अर्पण केले; त्याची वार्ता मात्र फारशी कोणी दिली नाही.

याच मेक्सिको स्पर्धेत टायगरबेल मॅडलिन मॅनिंग हिने ८०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. १९२८ साली स्त्रियांना न झेपणारी ठरविली गेलेली हीच ती शर्यत. अमेरिकेच्या दुसऱ्या स्त्रीला हे पदक मिळावयास २०२१ साल उजाडावे लागले.

दारे उघडल्यावर

१९७२ साली अमेरिकेत शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुषांना समान संधी देणारा कायदा झाला. मोठमोठ्या श्रीमंत विद्यापीठांना मुलींचे संघ काढणे आणि त्यांना शिष्यवृत्त्या देणे भाग पडले. वर्णभेदाच्या भिंतीही कायद्याने पडल्या होत्या. साहजिकच ज्या मुली पूर्वी नॅशव्हिलची वाट धरीत, त्यांना आता मोठी मैदाने, मोठे प्रशिक्षक आणि संपूर्ण खर्च देणारी विद्यापीठे बोलावू लागली. टायगरबेल्सचा दबदबा ओसरला तो या कारणाने. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये शांड्रा चीझबरोने दोन्ही रिलेंची सुवर्णपदके आणि ४०० मीटरचे रौप्यपदक घेतले. ज्या स्पर्धेत आपली पी. टी. उषा सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदकाला मुकली, तीच ही स्पर्धा. १९९४ मध्ये टेंपल निवृत्त झाले तेव्हा प्रशिक्षकपदाची सूत्रे शांड्राकडेच आली. साखळी तशीच पुढे चालली. टेंपल २०१६ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी वारले.

टायगरबेल्सचा दबदबा ओसरला याचे दुःख मानावे काय? मला वाटते, मानू नये. ज्या गोष्टीसाठी त्या झगडल्या, ती सर्वांना मिळू लागली म्हणूनच त्यांचे वेगळेपण उरले नाही.

आपल्यासाठी

आता थोडे आपल्याकडे वळू. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मे फॅग्ज धावली, त्याच मैदानावर मुंबईची मेरी डिसूझाही धावली. भारतातर्फे ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या महिला धावपटूंपैकी ती एक. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्यपदक मिळविले. त्यांना पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. अभिमान वाटलाच पाहिजे. परंतु त्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळाले ते १९९६ साली, लिअँडर पेस याच्या रूपाने. मधली चव्वेचाळीस वर्षे रिकामी गेली. नॅशव्हिलला टेंपल दांपत्याचा त्याग खर्डेकरांच्या त्यागाहून मोठा होता असे नव्हे. तेथे त्या त्यागाला पद्धतीची जोड मिळाली. शाळेतील मुलगी हेरावी, थोरलीने तिला हाताशी धरावे, तिच्या पदवीची काळजी प्रशिक्षकाने वाहावी, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलीने शिक्षिका होऊन पुढची मुलगी पाठवावी, असे ते चक्र चार दशके फिरत राहिले.

या चक्रासाठी संगमरवरी क्रीडासंकुल लागले नाही. लागला तो मातीचा धावमार्ग, पहाटे पाचला उठणाऱ्या मुली, आणि मैदानावरच्या विद्यार्थिनीने वर्गात काय केले याची चौकशी करणारा एक प्राध्यापक. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आपल्या गावोगावी आहेत. तिसरी असावी की नसावी, हे जिमखाना आणि अध्यापकवर्ग यांनी मिळून ठरवावयाचे आहे.